नुसतं बघायला आलोय

मूळ गाव शोधायची लहर माणसाला निवृत्तीनंतर येते, आणि निवृत्त माणूस बँकेतला असेल तर घरच्यांनी सावध व्हावं. शिक्षक निवृत्त झाला की चार जुन्या गोष्टी सांगून गप्प बसतो. डॉक्टर तर निवृत्तच होत नाही. बँकवाल्याला मात्र खातं जुळेपर्यंत झोप येत नाही, आणि वंशवेल हे खातं आजवर कुणाचंही जुळलेलं नाही. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, हयातभर सासुरवाडीचा पत्ता दर वेळी बायकोला विचारला. पण पेन्शन सुरू झाल्यावर वर्षाच्या आत त्यांना पेशवाईतल्या एका निपुत्रिक पूर्वजांची काळजी लागली. रात्री साडेदहाला फोन येई, "अरे, ते दत्तक आले की दत्तक गेले?" आले काय नि गेले काय, जेवले असतील ना, असं म्हणून मी फोन ठेवायचो.

अण्णांचा पहिला मुक्काम नाशिकला. तिथले आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वह्या ठेवतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये आत जातात, लांबट वही काढतात, आणि आपल्या खापरपणजोबांनी सिंहस्थाला येऊन स्वतःच्या हाताने लिहिलेला मोडी मजकूर समोर ठेवतात. मोडी आपल्याला वाचता येत नाही, त्यामुळे आपण गहिवरतो. वाचता आलं की गहिवर जरा उतरतो. आमच्या पणजोबांनी बाप, आजा, मुलगे सगळे व्यवस्थित लिहिले होते. भाऊ स्वतःसकट दोन लिहिले होते. भाऊ होते तीन. तिसऱ्याचं नाव कुठेच नाही. अण्णा हळहळले, "लहानपणीच गेले असतील बिचारे." उपाध्यायांनी काही न बोलता चार पानं उलटली. तिसरे पणजोबा दोन वर्षांनी स्वतंत्रपणे आले होते आणि त्यांनी उरलेल्या दोघांची नावं गाळली होती. गंगेत पापं धुतली जातात, बांधाची भांडणं नाहीत.

या वह्यांवरून आणि घरोघरच्या कागदांवरून पुढे कुलवृत्तांत निघतात. मी असे बरेच चाळले आहेत, कारण लग्नात आहेर म्हणून ते सहज मिळतात. त्यांत एक गोष्ट ठरलेली असते. कोणाचाच पूर्वज गाव सोडून पोटासाठी गेलेला नसतो. त्याला पेशव्यांनी बोलावलेलं असतं, नाहीतर देवीने दृष्टांत दिलेला असतो. शेकडो पानांत कर्ज बुडवून पळालेला एक माणूस सापडत नाही. फार तर एखाद्यापुढे "परागंदा" एवढंच लिहितात, आणि मला विचाराल तर अख्ख्या ग्रंथात भेटावंसं वाटेल असा तेवढाच एक इसम असतो. बाकी कोकणात गाव का सुटलं, हे कळायला दृष्टांत लागत नाही. वर कातळ, खाली खाडी, मधे भाताची एक खाचर आणि तिच्यावर पाच भाऊ. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली, पाठोपाठ आणखी निघाल्या, आणि ज्याला त्याला दृष्टांत झाला तो भोंग्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या गिरणी कामगारांत निम्म्याच्या आसपास लोक रत्नागिरी जिल्ह्यातले होते. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, तो वेगळा झाला १९८१ साली. पण "आमचे आजोबा साच्यावर होते" हे कुलवृत्तांतात येत नाही. "व्यवसायानिमित्त मुंबईस प्रयाण" असं येतं.

गाव नक्की करणं हाही एक उपद्व्यापच. देशावर पिंपळगाव म्हटलं की पुढे बसवंत, हरेश्वर, जोगा, रोठा यांतलं काहीतरी सांगावं लागतं, नाहीतर माणूस निफाडला जायचा तो पारनेरला उतरतो. आमच्या शेजारच्या कुटुंबाचं कुलदैवत शांतादुर्गा आणि मूळ ठाणं केळशी, एवढं आजीने सांगून ठेवलेलं. त्यांनी गाडी काढली आणि दापोली तालुक्यातली केळशी गाठली. तिथे देऊळ आहे, सुंदर आहे, पण महालक्ष्मीचं. पुजाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की तुमची केळशी गोव्यात, कुठ्ठाळीच्या बाजूला. बरं, तिथे जाऊनही देवी भेटायची नाहीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी देव उचलले आणि नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला. आपण मूळ गावी देवाला भेटायला जावं आणि देवच साडेचारशे वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला असावा! शेजाऱ्यांनी एवढा प्रवास फुकट जाऊ नये म्हणून दापोलीच्या महालक्ष्मीचीच ओटी भरली. त्यानंतर त्यांच्या मुलाचं लग्न जमलं, त्यामुळे आता दोन्हीकडे जावं लागतं.

आमचं गाव देवगड तालुक्यातलं. तालुका सांगितला तो पुरे, गावाचं नाव घेत नाही, कारण पुढे जे येणार आहे ते वाचून तिथले लोक म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो तेच. मे महिन्यात जायचं ठरलं. सतरा आसनांची गाडी आणि तेवीस माणसं. त्यांत अण्णा आणि त्यांची फाईल, इन्सुलिनची बर्फपिशवी मांडीवर घेतलेली ताई, आणि "तिथे रेंज आहे का" एवढा एकच प्रश्न कुळाविषयी असलेली तरुण पिढी. पूर्वी आमची माणसं बोटीने जात. भाऊच्या धक्क्यावरून निघून ओकत-ओकत देवगड बंदरात उतरत. आता महामार्ग आहे. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललेलं आहे, त्यामुळे ओकण्याची परंपरा खंडित झालेली नाही.

गावात शिरताना पहिला माणूस भेटला तो पाराजवळ. त्याने गाडी आपादमस्तक न्याहाळली.

"तुमी खयसून इलास?"

"मुंबईहून. आमचं मूळ गाव हे."

"बरा. काय काम काढलास?"

"काम काही नाही. नुसतं बघायला आलोय."

"नुसता बघूक?" एवढंच तो म्हणाला. पण आम्ही पुढच्या वळणावर पोचायच्या आत सगळ्या वाड्यांत बातमी पोचली होती की जमिनीचे वाटेकरी आले, आणि चांगले गाडी भरून आले.

शहरातल्या माणसाला हे लागतं. आपण भावनेने ओथंबून आलेले असतो. पायांना पूर्वजांच्या मातीचा स्पर्श व्हावा म्हणून अण्णांनी तर चपला काढल्या होत्या आणि मेच्या दुपारी कातळावर त्यांना तो स्पर्श चांगलाच झाला. तेव्हा समोरच्याने आपल्या डोळ्यांत पाणी पाहावं, तर तो पाहतो आपल्या हातातली फाईल. पण जरा त्याच्या पडवीत बसून विचार करा. चाळीस वर्षांत ज्यांचं पोस्टकार्ड आलं नाही, गणपतीला जे आले नाहीत, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पावतीवर ज्यांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं, ते सहकुटुंब उन्हातून येतात आणि घर कुठे होतं, हद्द कुठवर होती, विहीर कोणाकडे गेली असं विचारतात. हे प्रश्न कोकणात दोनच प्रकारची माणसं विचारतात, आणि दुसरा प्रकार भूमापकाचा.

गावाच्या संशयाला इतिहासही आहे. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि त्या दिवशी जमीन जो कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. पुष्कळ मुंबईकर मालकांना ही बातमी तारखेमुळे खरीच वाटली नाही. आमच्याकडे अजून एक आत्या आहेत, त्या "आपली कलमं" असा उल्लेख ज्या बागेचा करतात ती त्यांच्या जन्माआधीच कुळाकडे गेली. त्या बागेचे आंबे त्या दर वर्षी रोख पैसे देऊन विकत आणतात आणि वाटताना सांगतात, "आपल्या घरचे आहेत."

घर बघायला गेलो. घर म्हणजे चिऱ्याचं जोतं उरलेलं, त्यावर रानमोडी माजलेली. अण्णांनी जोत्याला हात लावला आणि हात कपाळाला लावला. मग ओळीने सगळ्यांनी लावला. इथे माजघर असेल, इथे देवघर, या कोनाड्यात पणजी दिवा ठेवत असणार, असं ताई सांगू लागली. पोरांनी फोटो काढले, एकाने तर जोत्यावर डोकं टेकून काढला. आमच्या बरोबर आलेले आबा (भाऊबंद, चौथ्या पिढीत वेगळे झालेले, गावातच राहिलेले) हे सगळं शांतपणे बघत होते. आमचं आटोपल्यावर म्हणाले, "ता जोता गोठ्याचा. तुमचा घर थंय खाली, रतांब्याकडे." खाली गेलो. तिथे रतांबाही नव्हता नि घरही नव्हतं. एक पाण्याची टाकी होती, ग्रामपंचायतीची. पण गहिवर एकदाच येतो. तो गोठ्यावर खर्च झाला होता. टाकीला कोणी हात लावला नाही.

संध्याकाळी ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांना वाटतं ही प्रार्थना असेल. तशी ती आहे, पण देवाच्या निमित्ताने समोरच्यांनाही चार गोष्टी सांगायची सोय तिच्यात आहे. मानकरी देवासमोर उभे राहिले, आम्ही मागे हात जोडून, आमच्या मागे गाव.

"हे बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां मुंबयसून तुज्या पायाकडे इली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून गाव गरजला.

"इतक्या वर्सांनी तेंका तुजी याद इली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा जरा जास्तच एकमुखाने.

"तेंच्या पोराटोरांका शिक्षण दी, नोकऱ्या दी, आणि मोठी मोठी घरा दी, ती थंयच मुंबयत दी म्हाराजा!"

असा "व्हय म्हाराजा" मी आयुष्यात ऐकलेला नाही. देवळाच्या माळ्यावरची कबुतरं उडाली. त्या गजरात आमची ताईही होती. तिला मोठ्या घराचंच तेवढं ऐकू आलं होतं.

"आणि हयच्या मातयेवर कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती तूच सरळ कर म्हाराजा!"

इथे अण्णाही "व्हय म्हाराजा" म्हणाले. न म्हणून सांगता कोणाला?

मग देवळाच्या मागे मूळपुरुषाचं दर्शन. मूळपुरुष हा एक दगड. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. "अगदी काकांसारखा," असं ताई म्हणाली, आणि काकांच्या मुलांनाही ते पटलं.

जमिनीचं काय झालं, हे सांगायला हवं. खरं तर आमच्या मनात काहीही नव्हतं. पण रात्री जेवणं झाल्यावर पडवीत आबांनीच विषय काढला आणि सातबारा आणला. तो आता कोणालाही पंधरा रुपयांत डिजिटल सहीसकट ऑनलाइन मिळतो, त्यामुळे भाऊबंदकी गावात राहिली नाही, ती न्यू जर्सीतूनही करता येते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातात जमीन कोणाची ते, बारात पीक कोणतं ते. आमच्या सातबाऱ्यावर पीक थोडं आणि माणसं भरपूर. नाशिकच्या वहीतून एकमेकांनी गाळलेले तिन्ही पणजोबा इथे एकाच चौकटीत बसले होते. त्यांच्याखाली त्यांचे मुलगे, त्यांच्या मुली, मुलींच्या मुली. कुलवृत्तांतात ज्या बायकांची "कन्या २" एवढ्यावर बोळवण झालेली असते त्या इथे नावानिशी, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट हजर. मेलेल्यांच्या नावांना कंस घालतात, पण वारसनोंद कोणी केलीच नसेल तर कंस कोण घालणार? म्हणून आमचे आजोबा तिथे अजून हयात आहेत. नाव स्वच्छ, कंसाशिवाय, वय हिशेबाने एकशे एकवीस. बँकवाल्या अण्णांनी फाईल उघडली आणि ताळा केला. इतकी वर्षं शोधत होते ते सगळे पूर्वज त्यांना एका पानावर मिळाले, तेही सरकारी शिक्क्यानिशी.

एकूण क्षेत्र भागिले हिस्सेदार असा हिशेब अण्णांच्या मुलाने मोबाईलवर केला. माणशी साधारण एक सतरंजी अंथरता येईल इतकी जमीन निघाली. तीही सलग नव्हे. आबांना हवं होतं एवढंच की सगळ्यांनी सह्या द्याव्यात, म्हणजे त्यांना घराची दुरुस्ती करता येईल आणि बँक कर्ज देईल. सगळे म्हणजे कोण? दोघे पुण्यात, एक होबार्टला, एकीचा पत्ता नाही, आणि एक काकू अशा की त्या "बघते" म्हणतात आणि मग नऊ वर्षं बघतात. अण्णा म्हणाले, "माझी सही घ्या." वहिनी म्हणाल्या, "वाचल्याशिवाय नको." झालं. जी माणसं सकाळी नुसतं बघायला आली होती त्यांनी रात्री साडेअकराला कंदिलाच्या उजेडात (वीज गेलेली) चतुःसीमा वाचायला घेतल्या. पडवीच्या टोकाला पाराजवळचा तो मघाचा माणूस बसून होता. त्याने काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

ज्यांचा सातबारा नाही त्यांचं स्वागत कसं होतं ते बघायचं असेल तर अलिबागजवळ नवगावला जावं. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पुढे हे लोक गावोगाव पसरून तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. पेणचे पेणकर झाले, चौलचे चौलकर. विसाव्या शतकात बहुतेक इस्राएलला गेले. आता तिकडून त्यांची नातवंडं येतात, नवगावचं स्मारक बघतात, अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग बघतात, म्हाताऱ्या बायका फर्मास मराठीत भाव करून सुकट घेतात. "नुसतं बघायला आलोय" म्हटलं की गावाला पटतं. चहा येतो, शहाळी येतात.

मॉरिशसच्या मराठी माणसांचंही तसंच. त्यांचे पणजोबा १८३४ नंतर करारावर ऊस तोडायला गेले, त्यांतले पुष्कळ याच किनारपट्टीवरचे. पण इंग्रज भारी नोंदी ठेवणारा! माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज, अंगावरच्या खुणा, पुढेपुढे तर फोटोसुद्धा. हे सगळं तिथे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेलं आहे. बोटीतून नेलेल्या मजुराच्या पणतवाकडे पणजोबांचा फोटो असतो आणि आमच्याकडे, ज्यांना म्हणे पेशव्यांनी बोलावलं होतं, एक गोठा. फक्त गावाचं नाव कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, त्यामुळे ते लोक कागद घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरतात आणि जुळतील अशी चार गावं निघतात. चारही गावं म्हणतात, आमचेच! आम्हाला एका गावाने असं म्हटलं असतं तरी आम्ही देवळाला पंखा दिला असता.

गेल्या डिसेंबरात आबा मुंबईला आले. डोळे तपासायचे होते. ते झाल्यावर म्हणाले, लालबागला जाऊन येतो. त्यांच्या आजोबांनी आणि वडिलांनी उभी हयात गिरणीत काढली होती, आणि राहायला गावच्या मंडळाची खोली. एका खोलीत अख्खा गाव, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, पाळीनुसार झोपायचं. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा आडवा होणार. १९८२ चा संप झाला आणि वडील ट्रंक घेऊन गावी परतले. म्हणजे आबांच्या दोन पिढ्यांचं ठिकाण ते. ते बघायला गेले तर चाळीच्या जागी टॉवर. फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "किससे मिलना है?"

आबा म्हणाले, "किसीसे नहीं. नुसता बघूक आयेला है."

पहारेकऱ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. नुसतं बघायला या शहरात कोणी येत नाही, हे त्यालाही ठाऊक. त्याने वहीत कारणाच्या रकान्यात "फ्लॅट" असं लिहिलं आणि विक्री कार्यालयाकडे बोट दाखवलं. आत थंडगार हवा, कॉफी, आणि सुटाबुटातली एक मुलगी. तिने आबांना सॅम्पल फ्लॅट दाखवला. आबांनी प्रत्येक खोलीत उभं राहून छताकडे पाहिलं, नहाणी कुठे म्हणून विचारलं, खिडकीतून खाली पाहिलं. मग सोफ्यावर बसून त्यांनी कामाचं विचारलं.

"सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"सर, टायटल एकदम क्लिअर आहे."

"हिस्सेदार किती?"

"एका फ्लोअरवर चारच, सर."

"चारच?" आबा म्हणाले. "मग सुखी आसात."

किंमत ऐकूनही त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ही कोकणातली पद्धत आहे, तिचा त्या मुलीने भलताच अर्थ घेतला. आता दर पंधरा दिवसांनी तिचा गावी फोन येतो, सर, काही विचार झाला का, ऑफर संपत आली आहे. आबा शेतातून वर येऊन, रेंज धरून, तिला न चुकता सांगतात की माझी काही हरकत नाही, पण सगळ्या वारसांच्या सह्या मिळाल्या की कळवतो. होबार्टची तेवढी राहिलीय.